आर्गन आणला, तरी जोड सुटला

वाचकाचा प्रश्न

कराडजवळच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्यांचं वय ४६. नोकरी सांभाळून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते वेल्डिंग करतात. चार वर्षं रॉडवर काम केल्यावर यंदा त्यांनी २०० अँपिअरचं, मिग-टिग-रॉड असं तिन्ही चालणारं इन्व्हर्टर मशीन घेतलं. (मिगमध्ये गनमधून वायर आपोआप पुढे येत वितळते. टिगमध्ये न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकावर आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटतो.) गॅसच्या दुकानदाराने सांगितलं, ‘आर्गन न्या, सगळ्यात शुद्ध, सगळ्याला चालतो.’ म्हणून १० लिटरचा आर्गनचा बाटला घरी आला. त्यावर ०.८ मिलिमीटरच्या वायरने, १६ गेजच्या २५ बाय २५ चौकोनी पाइपचं अंगणाचं फाटक केलं. बीड, म्हणजे जोडावर बसणारी वितळलेल्या धातूची रेघ, सुरवंटासारखी वर उभी राहिली, मधे मधे भोकं पडली आणि पंधरा दिवसांत दोन जोड सुटले. बाटला महिनाभरात रिकामा झाला. मामेभाऊ फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आहे, तो म्हणतो, ‘सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लाव.’ परदेशी व्हिडिओंमध्ये ७५-२५चं मिश्रण सांगतात. पुढे जिन्याला स्टेनलेसचं रेलिंग करायचं आहे आणि एक ॲल्युमिनियमची शिडीही मनात आहे. त्यांचे प्रश्न तीन: दुकानदाराने भेसळीचा गॅस दिला का? सगळ्या कामांना चालेल असा एकच चांगला गॅस कोणता? आणि घरात दोन वर्षांची नात असल्यामुळे पत्नीला बाटल्याची भीती वाटते, ती रास्त आहे का?

उत्तर

नमस्कार,

तुम्ही ‘सुरवंट’ हा शब्द वापरलात, त्यातच पहिल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. गॅसमध्ये हवा किंवा ओल मिसळली असती तर बीड मळकट, राखाडी आणि भुसभुशीत दिसली असती. उंच, अरुंद, पत्र्यावर नुसती बसलेली आणि दोन्ही कडांना बारीक खाच पडलेली बीड ही मिगवर साध्या लोखंडाला निव्वळ आर्गन लावल्याची खूण आहे. तेव्हा गॅस शुद्धच असावा. लोखंडाला तो इतका शुद्ध नको होता, एवढंच.

तरी दुकानदाराकडे जाण्याआधी मशीनच्या पुढची एक गोष्ट बघून घ्या. अशा तिन्ही कामांच्या मशीनवर गनची पोलॅरिटी बदलायची एक छोटी केबल असते. साध्या भरीव वायरला, म्हणजे गॅसवर चालणाऱ्या वायरला, गन पॉझिटिव्हला आणि अर्थ क्लॅम्प निगेटिव्हला हवा. बिनगॅसची, आत फ्लक्स (जोड झाकणारी पूड) भरलेली वायर याच्या उलट चालते. केबल चुकून त्या बाजूला राहिली असेल तरी बीड अशीच वर बसते, आणि मग कुठलाही गॅस आणला तरी फरक पडत नाही.

आता आर्गन लोखंडावर असा का वागतो ते. शील्डिंग गॅसचं एक काम वितळलेल्या धातूला हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनपासून झाकायचं. ते आर्गन उत्तम करतो. पण आर्क याच गॅसमधून जातो, त्यामुळे उष्णता किती पसरेल आणि वितळलेला धातू कडेला किती पसरेल हेही गॅसवर ठरतं. आर्गन उष्णता फारशी वाहून नेत नाही. आर्कचा मधला भाग खूप तापतो आणि कडा तुलनेने थंड राहतात. त्यातच लोखंडावर आर्कला टेकायला थोडं ऑक्साइड लागतं. निव्वळ आर्गनमध्ये ते मिळत नाही, म्हणून आर्क इकडेतिकडे भटकतो आणि धातू कडेला न भिजवता गोळा होऊन बसतो. त्यात थोडा कार्बन डायऑक्साइड किंवा ऑक्सिजन मिसळला की आर्क जागेवर येतो, वितळलेल्या धातूचा पृष्ठताण कमी होतो आणि बीड चपटी होऊन दोन्ही पाइपांत मुरते. ‘सगळ्याला चालतो’ हे वाक्य टिगसाठी बऱ्याच अंशी खरं आहे. मिगवर लोखंड जोडताना ते लागू पडत नाही. आपल्याकडे टिगलाच ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात, गोंधळ बहुधा तिथूनच झाला.

मामेभाऊ चुकीचं सांगत नाहीत. कारखान्यात मिगला ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात ते उगाच नाही. निव्वळ कार्बन डायऑक्साइडवर लोखंडाचं प्रचंड काम रोज होतं. आर्कच्या उष्णतेने या गॅसचे रेणू फुटतात आणि पत्र्याशी येऊन पुन्हा जुळताना उष्णता तिथेच सोडतात, म्हणून जोड खोल आणि रुंद शिजतो. याची किंमत म्हणजे छर्रे. नोझल भरतं, पाइपावर दाणे चिकटतात, रंगाआधी ग्राइंडर फिरवावा लागतो. शिवाय हा गॅस वायरमधलं थोडं मँगनीज आणि सिलिकॉन जाळतो. म्हणूनच वायर ईआर ७०एस-६ असावी, तिच्यात ही दोन्ही मुद्दाम जास्त घातलेली असतात. बीडवर तपकिरी काचेसारखे ठिपके दिसले तर घाबरू नका. ते सिलिकॉनचं ऑक्साइड आहे, दोष नव्हे. रंग द्यायच्या आधी खरवडून काढा, नाहीतर तिथला रंग सुटतो.

७५-२५ म्हणजे ७५ टक्के आर्गन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. आपल्याकडे ८०-२० ही मागतात. घरच्या कामाला दोन्हींत फरक जाणवणार नाही. आयएसओ १४१७५ या आंतरराष्ट्रीय मानकात १५ ते २५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या या मिश्रणांना एम-२१, निव्वळ आर्गनला आय-१ आणि निव्वळ कार्बन डायऑक्साइडला सी-१ म्हणतात. बाटल्याच्या लेबलवर हे लिहिलेलं असलं तर तेच वाचा, दुकानातल्या नावावर जाऊ नका. मिश्रणात आर्क शांत चालतो, छर्रे खूप कमी होतात आणि १८ गेजसारखा पातळ पत्रा कमी फाटतो. अडचण अशी की छोट्या बाटल्यात हे मिश्रण तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही, आणि ज्यासाठी दर वेळी पुण्याला जावं लागतं तो गॅस घरच्या कामाला उपयोगाचा नाही.

कुणी म्हणेल, आर्गन आहेच, सीओटूचा बाटला आणा आणि वाय जोडणीने दोन्ही एकत्र करा. गॅसचा प्रवाह मोजणारे दोन स्वतंत्र फ्लोमीटर आणि दोन्ही ओळींत उलट प्रवाह रोखणारे व्हॉल्व्ह असतील तर मिनिटाला ९ लिटर आर्गनमध्ये ३ लिटर सीओटू सोडून काम होतं. तरीही घरी मी ते सुचवणार नाही. एकाचा दाब उतरला की प्रमाण बिघडतं आणि ते कळतं बीड बिघडल्यावर. एका बाटल्यातून दुसऱ्या बाटल्यात गॅस भरणं मात्र अजिबात नको. ते धोक्याचं आहे आणि परवान्याशिवाय बेकायदाही.

आता दुसऱ्या प्रश्नामागचं गृहीतक जरा तपासू. एकच गॅस हवा, कारण गॅस महाग, असं तुमचं गणित दिसतं. पण गॅस लागतो किती? १६ गेजवर हात साधारण मिनिटाला ३० सेंटिमीटर चालतो. म्हणजे एक मीटर बीडला सव्वातीन मिनिटांचा आर्क. मिनिटाला १२ लिटर प्रवाह धरला तर मीटरला ४० लिटर गॅस. तुमच्या फाटकाला चाळीस जोड धरले आणि प्रत्येक चहूबाजूंनी, म्हणजे १०० मिलिमीटर, तर बीड झाली चार मीटर आणि गॅस १६० लिटर. टॅक (तात्पुरते ठिपक्याएवढे जोड), सराव, सुरुवातीला वाया जाणारा गॅस, सगळं मिळून तिप्पट धरा. तरी ५०० लिटरच्या आत.

१० लिटरचा बाटला १५० बारला भरलेला असेल तर त्यात सुमारे १,५०० लिटर आर्गन असतो. मग उरलेला हजार लिटर गेला कुठे? गळून गेला. मिनिटाला २५ मिलिलिटरची गळती, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे, दिवसाला ३६ लिटर होते आणि महिन्याला हजाराच्या वर. काम संपल्यावर तुम्ही मशीन बंद करता, पण बाटल्याचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो, हा माझा अंदाज आहे. तो बरोबर असेल तर गॅसच्या निवडीपेक्षा त्या व्हॉल्व्हने तुमचे जास्त पैसे घालवले.

गळती शोधायची सोपी रीत अशी. बाटल्याचा व्हॉल्व्ह उघडा, नळीत दाब भरू द्या, गनचा ट्रिगर दाबू नका. आता व्हॉल्व्ह घट्ट बंद करा आणि रेग्युलेटरच्या दाबाचा काटा कुठे आहे तिथे पेनने खूण करा. पंधरा मिनिटांनी काटा खाली आला असेल तर गळती आहे. मग पाण्यात भांडी घासायचं लिक्विड कालवून ब्रशने प्रत्येक जोडावर लावा: बाटला आणि रेग्युलेटर, रेग्युलेटर आणि नळी, मशीनच्या मागचा निपल, गनचा कनेक्टर. बुडबुडे मोठे येतील अशी वाट पाहू नका. एवढ्या गळतीला टाचणीच्या टोकाएवढा फेस हळूहळू चढतो, अर्धा मिनिट बघत बसावं लागतं. बहुतेक वेळा नळीचा क्लिप सैल निघतो किंवा गनच्या कनेक्टरमधली रबरी रिंग कापलेली असते. मशीनच्या आतली नळी निसटलेली असेल तर काटा पडतो पण बाहेर कुठेच फेस येत नाही. अशा वेळी मशीनचा प्लग काढून ठेवा आणि दुरुस्ती जाणत्याकडे न्या.

तेव्हा माझा सल्ला असा: आर्गनचा बाटला परत करू नका, पण तो मिगला लावू नका. तो रेलिंगसाठी राखून ठेवा. लोखंडाच्या मिगला ५ ते ६ किलोचा सीओटूचा छोटा बाटला घ्या. एक किलो द्रव कार्बन डायऑक्साइडपासून साधारण ५३५ लिटर गॅस होतो, म्हणजे १३ मीटर बीड. पाच किलोत गळती नसेल तर तुमच्यासारखी बरीच फाटकं निघतील. गॅसच्या दरापेक्षा तुम्हाला बाटल्याचं डिपॉझिट, भाडं आणि ने-आण यांचा खर्च जास्त पडणार आहे. भाव त्याचा विचारा. १० लिटरचं मिश्रण जवळपास मिळत असेल आणि छर्रे घासायला वेळ नसेल तर मिश्रण घ्या, जोडाच्या ताकदीत तुमच्या कामाला काही उणं पडणार नाही.

सीओटू आर्गनसारखा वागत नाही, तीन गोष्टी वेगळ्या आहेत. बाटल्यात तो द्रव असतो. म्हणून बाटला उभाच हवा. आडवा झाला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि रेग्युलेटर निकामी होतं. आग विझवायच्या सिलिंडरमधला सीओटू वापरायची कल्पना काहींना सुचते, तीही याच कारणाने नको: त्यात तळापर्यंत नळी असते आणि ती द्रवच वर ढकलते. दुसरं, दाबाचा काटा गॅस किती उरला ते सांगत नाही. २० अंशाला काटा सुमारे ५७ बार दाखवतो, तो बाटला भरलेला असताना आणि अर्धा भाग उरल्यावरही. द्रव संपला की मग झपाट्याने पडतो. ३१ अंशांच्या वर तर बाटल्यात द्रव आणि वायू असा भेदच राहत नाही आणि उन्हाळ्यात काटा कितीही वर दिसू शकतो. म्हणून वजन करा. बाटल्याच्या खांद्यावर रिकाम्याचं वजन ठोकलेलं असतं, ते एकूण वजनातून वजा केलं की उरलेला गॅस कळतो. तिसरं, गॅस बाहेर पडताना गारठतो. सलग काम केलं की रेग्युलेटरवर पांढरं दव गोठतं, आत बर्फ अडकतो, प्रवाह आटतो आणि चांगल्या चाललेल्या बीडला अचानक भोकं पडू लागतात. थांबून थांबून करायच्या घरच्या कामाला साधं सीओटू रेग्युलेटर पुरतं. तासन्‌तास चालवायचं असेल तर हीटरचं घ्या. हीटर ३६ व्होल्टचा की २३० चा ते तुमच्या मशीनच्या मागच्या सॉकेटशी जुळवून मगच पैसे द्या. आर्गनचं रेग्युलेटर ॲडॉप्टर लावून सीओटूवर चढवू नका. त्याच्या फ्लोमीटरचा आकडा आर्गनच्या घनतेवर आखलेला असतो.

भोकांकडे येऊ. आंबोळीला जाळी पडते तशी बीडला भोकं पडली की माणूस आधी गॅसला दोष देतो. बहुतेक वेळा गॅस ठीक असतो, तो जोडापर्यंत पोचत नाही. तुमच्या शेडमध्ये पंखा असणारच. मिगचं गॅसचं पांघरूण ताशी सात-आठ किलोमीटरच्या वाऱ्यालाही उडून जातं, आणि टेबल फॅनचा झोत त्याहून जोरात असतो. जोडाच्या जागी एक उदबत्ती धरा. धूर वीतभर सरळ वर गेला तर काम सुरू करा. लगेच आडवा झाला तर त्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा करा. (उदबत्ती लावताना जवळ थिनर, रंग नको.) पंखा पूर्ण बंद करा असंही मी म्हणणार नाही, धूर बाहेर जायलाच हवा. तो पाठीमागच्या भिंतीशी, बाहेर ओढणारा, हळू चालणारा ठेवा.

प्रवाह १० ते १२ लिटर. तो ट्रिगर दाबून, गॅस वाहत असताना लावा. त्या वेळी वायरचा दाबरोलर उचलून ठेवा म्हणजे वायर फुकट बाहेर येत नाही. भोकं पडली की लोक प्रवाह २० च्या वर नेतात, आणि मग भोकं वाढतात. छोट्या नोझलमधून जोरात निघालेला गॅस भोवरे करतो आणि बाजूची हवा आत ओढतो. कमी पडतोय असं वाटलं तर आधी नोझल काढून आत बघा. सीओटूवर अर्ध्या तासात छर्ऱ्यांचं कडं तयार होतं आणि गॅस एकाच बाजूने निघतो. पक्कडीच्या टोकाने ते फोडून काढा, कॉन्टॅक्ट टिप आणि तिच्यामागचा डिफ्यूजर घट्ट आहे का तेही पाहा. वायर टिपेबाहेर ८ ते १२ मिलिमीटर, गन १०-१५ अंश कललेली. जास्त आडवी धरली तर मागच्या बाजूने हवा शिरते.

पाइप जीआय (जस्ताचा थर दिलेला) होता की काळा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जीआयवरचं जस्त लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी वाफ होतं, ती वाफ बीडमधून फुटून बाहेर येते आणि भोकं पडतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर जस्त ग्राइंडरने काढा, पांढरा धूर दिसला तर अजून राहिलंय असं समजा. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. त्यावर दूध प्या, गूळ खा, असं वर्कशॉपमध्ये सांगतात. दूध-गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. त्याने बचाव होत नाही. धातूच्या धुरासाठीचा मास्क वापरा. काळ्या पाइपवर तेल आणि वार्निश असतं, तेही पुसून, घासून काढा. पुसायला क्लोरिन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका, आर्कच्या उजेडात आणि उष्णतेत त्याचा विषारी वायू होतो.

सीओटूवर १६ गेजसाठी सुरुवात अशी करा: ७० ते ९० अँपिअर, १८ व्होल्टच्या आसपास, वायर मिनिटाला साधारण पाच मीटर. मिश्रण लावलं तर व्होल्ट एक-दीडने खाली आणा. मशीनवर इंडक्टन्सचा नॉब असेल तर सीओटूला तो मध्याच्या पुढे ठेवा, छर्रे मऊ होतात. आवाज ऐका. कढईत फोडणी तडतडावी तसा सलग आवाज हवा. ‘फट्‌ फट्‌’ असे सुटे स्फोट आणि वायर पत्र्याला टोचून गन मागे ढकलली जात असेल तर वायर जास्त किंवा व्होल्ट कमी. मऊ फुसफुस आणि टोकाला मोठा थेंब लोंबत असेल तर व्होल्ट जास्त.

मग फाटकाला हात लावण्याआधी चाचणी घ्या. त्याच पाइपच्या १०० मिलिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापा, एक दुसरीवर उभी करून एकाच बाजूने बीड मारा. गार झाल्यावर खालची पट्टी व्हाइसमध्ये पकडा आणि उभी पट्टी बीडवर दुमडेल अशी हातोडीने पाडा. बीड न तुटता पट्टीच वाकली, किंवा तुटताना पट्टीचं लोखंड फाडत निघाली, तर जोड बसलाय. बीड एकसंध सोलून आली आणि खाली पट्टीची मूळ गुळगुळीत कड, कापल्याच्या रेघांसह, तशीच दिसली, तर लोखंड वितळलंच नव्हतं. तुमच्या फाटकाच्या सुटलेल्या जोडांत आत्ता वाकून पाहिलंत तर बहुधा ही कड दिसेल.

फाटक बसवताना बाहेर, वाऱ्यात जे जोड मारायचे, ते गॅसवर मारूच नका. तुमच्याकडे रॉडचा चार वर्षांचा हात आहे. २.५ मिलिमीटरचा ६०१३ रॉड आणि ६० ते ९० अँपिअर, त्याचं पांघरूण त्याच्या लेपातच असतं. गॅसचं मशीन आलं म्हणून रॉड माळ्यावर टाकू नका.

रेलिंगला टिग. त्या मशीनवर लिफ्ट टिग (टंगस्टन टेकवून उचलला की आर्क पेटतो) असेल. व्हॉल्व्ह असलेली टॉर्च वेगळी घ्यावी लागेल आणि गॅसची नळी थेट रेग्युलेटरला जाईल. टॉर्च निगेटिव्हला, १.६ मिलिमीटरचा टंगस्टन, आर्गन ६ ते ८ लिटर, ३०४ जातीच्या स्टेनलेस पाइपला ३०८एल फिलर (भर घालायची सळई). इथे सीओटूचा थेंबही नको, मिश्रणही नको. टंगस्टनचं टोक काही सेकंदांत जळतं. आर्क तोडल्यावर टॉर्च पाच-सहा सेकंद तिथेच धरा आणि मग व्हॉल्व्ह बंद करा. बीडचा रंग सोनेरी किंवा फिकट निळा आला तर गॅस पुरतोय. राखाडी-काळा आला तर प्रवाह, वारा किंवा वेग तपासा. स्टेनलेस मिगवर सीओटूने जोडता येतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, जोडात कार्बन मुरतो आणि पुढे गंज धरतो.

ॲल्युमिनियमची शिडी मात्र करू नका. तुमचं मशीन टिगला डीसी देतं आणि ॲल्युमिनियमला टिगवर एसी लागतो. मिगवर निव्वळ आर्गन, टेफ्लॉन लायनर, यू खाचेचे रोलर आणि ॲल्युमिनियमची वायर लावून जोड होतो, पण शिडीच्या सेक्शनची ताकद उष्णताप्रक्रियेने आलेली असते आणि वेल्डच्या बाजूच्या पट्ट्यात ती बरीच उतरते. माणूस चढणार आहे, तेव्हा तयार शिडी विकत घ्या.

तुमच्या पत्नीची भीती रास्त आहे, आणि तिला आकडे देतो. १० बाय १० बाय १० फुटांच्या बंद खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. पाच किलो सीओटू सुटला तर २.७ घनमीटर होतो, म्हणजे हवेतला जवळजवळ दहावा हिस्सा. तेवढ्यात माणूस झपाट्याने बेशुद्ध पडू शकतो. कारखान्याचा ३० किलोचा बाटला असता तर १६ घनमीटर. आर्गन विषारी नाही, पण ऑक्सिजनची जागा घेतो आणि जीव गुदमरतोय असं जाणवूही देत नाही, वासही नाही. दोन्ही हवेपेक्षा जड आहेत, म्हणून जमिनीलगत आणि खड्ड्यात साठतात. नात जमिनीजवळच खेळते हे लक्षात ठेवा. बाटला घरात, जिन्याखाली किंवा तळघरात नको. तो शेडमध्ये, सावलीत, भिंतीला साखळीने बांधून, उभा ठेवा, आणि शेडच्या भिंतीला खालच्या बाजूला समोरासमोर दोन झरोके असू द्या. काम संपलं की व्हॉल्व्ह बंद, ट्रिगर दाबून नळी रिकामी, शेडला कुलूप. ने-आण करताना रेग्युलेटर काढा, टोपी लावा, बाटला उभा बांधा, आणि बंद काचांच्या गाडीत तो ठेवून उन्हात जेवायला थांबू नका.

बाटला विकत घेत असाल तर खांद्यावरचे ठोकलेले आकडे वाचा. दाबाच्या चाचणीची तारीख पाच वर्षांच्या आतली हवी. अशा बाटल्यांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था, पेसो, नागपूरलाच आहे आणि २०१६ चे गॅस सिलिंडर नियम ती राबवते. चाचणी उलटलेला बाटला भरणारा दुकानदार नियम मोडतो. स्वस्तातला जुना बाटला भरायला गेल्यावर परत पाठवला जातो, मग तो अडगळ होतो. कागद आणि बिल मागून घ्या. रंगावरून गॅस ओळखू नका, लेबल वाचा.

आता ते फाटक. सुटलेले दोनच जोड पुन्हा मारून थांबू नका. बाकीचेही त्याच दिवशी, त्याच गॅसवर, त्याच सेटिंगवर झाले आहेत. नातीला तूर्त त्याच्याशी खेळू देऊ नका आणि शक्य असेल तर फाटक उतरवून ठेवा. सीओटू आला, पट्ट्यांची चाचणी दोनदा नीट उतरली की बिजागरीचे जोड आधी घ्या, फाटकाचा सगळा भार त्यांवर आहे. जुनी बीड ग्राइंडरने पाइपाच्या पातळीपर्यंत नव्हे, तर दोन पाइपांमधली मूळ फट दिसेपर्यंत काढा. वरून नवी बीड चढवली तर खालचा न वितळलेला थर तसाच राहतो. मग चारही कोपरे टॅक करून काटकोन तपासा, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून मारा म्हणजे चौकट ओढली जाणार नाही, आणि गार झाल्यावर प्रत्येक जोडावर हातोडीचा एक ठोका देऊन मगच रंगाचा डबा उघडा.